स्थितियुद्ध आणि ड्रोन : झालुझ्नी यांच्या निबंधाची चिकित्सा

१

युद्ध चालू असता सेनापतीने त्याच युद्धावर निबंध लिहावा, असे इतिहासात क्वचितच घडते. सेनापती लिहितात ते बहुधा निवृत्तीनंतर; आणि तेव्हाचे त्यांचे लेखन आत्मसमर्थनाच्या भाराने वाकलेले असते. या दृष्टीने युक्रेनचे तत्कालीन सरसेनापती वलेरी झालुझ्नी यांनी १ नोव्हेंबर २०२३ रोजी 'दि इकॉनॉमिस्ट' या ब्रिटिश साप्ताहिकाच्या द्वारा प्रसिद्ध केलेला निबंध हा एक लक्षणीय अपवाद म्हणावा लागेल. आधुनिक स्थितियुद्ध आणि त्यात विजय मिळविण्याचा मार्ग, असा त्याचा विषय. निबंधासोबत त्यांची एक मुलाखतही त्याच वेळी प्रसिद्ध झाली, आणि दोहोंचा मिळून जगभर जो परिणाम झाला तो निबंधाच्या मोजक्या पृष्ठांच्या मानाने फारच मोठा होता. झालुझ्नी यांनी 'कोंडी' हा शब्द उच्चारताच तीन दिवसांच्या आत युक्रेनचे राष्ट्राध्यक्ष वोलोदिमिर झेलेन्स्की यांनी तो जाहीरपणे अमान्य केला. पुढे ८ फेब्रुवारी २०२४ रोजी झालुझ्नी यांच्या जागी ओलेक्सांद्र सिर्स्की यांची नेमणूक झाली.

ड्रोनयुद्धाचा अभ्यास करणारे आज हा निबंध एखाद्या मूलग्रंथाप्रमाणे वाचतात. यंत्रांनी निर्माण केलेली कोंडी अधिक चांगल्या यंत्रांनी फुटेल, हा विचार त्या वाचनातून इतका रूढ झाला आहे की तो मूळ निबंधात कोणत्या मर्यादांसह आला होता याचे स्मरणही फारसे उरलेले नाही. प्रस्तुत लेखात या निबंधाची दोन अंगांनी चिकित्सा करावयाची आहे. त्याचे रोगनिदान कितपत खरे होते, हे एक. आणि त्याने सुचविलेली उपाययोजना नंतरच्या दोन वर्षांच्या अनुभवाच्या कसोटीवर कितपत उतरली, हे दुसरे. आमच्या मते निदान बहुतांशी अचूक होते. परंतु उपायांचा क्रम चुकला होता, आणि ज्या प्रश्नाला निबंधात अनेकांपैकी एक असे स्थान मिळाले तोच वस्तुतः मध्यवर्ती प्रश्न होता.

प्रारंभीच एका संज्ञेचा खुलासा करणे इष्ट होईल. 'स्थितियुद्ध' म्हणजे ज्यात आघाडी दीर्घकाळ एका जागी खिळून राहते, खंदक व तटबंदी यांना महत्त्व येते आणि यशाचे माप किलोमीटरांऐवजी मीटरांत मोजावे लागते ते युद्ध. याउलट, सैन्याच्या वेगवान हालचालींनी शत्रूची फळी भेदून त्याच्या पिछाडीवर जाणे हे 'गतियुद्धा'चे लक्षण. पहिल्या प्रकारातून दुसऱ्या प्रकारात कसे शिरावे, हाच झालुझ्नी यांचा प्रश्न आहे.

२

निबंधाचा युक्तिवाद थोडक्यात असा आहे. जून २०२३ मध्ये युक्रेनच्या सेनेने झापोरिझ्झिया प्रांतात ओरिखिवहून तोकमाकच्या रोखाने मोठी चढाई सुरू केली. ऑगस्टच्या अखेरीस रोबोतिने हे खेडे हाती आले. पण पाच महिन्यांच्या अखेरीस एकूण प्रगती सुमारे १७ किलोमीटरांपलीकडे गेली नाही. याचे कारण झालुझ्नी यांनी कोणा सेनाधिकाऱ्याच्या नाकर्तेपणात शोधले नाही. दोन्ही पक्ष तांत्रिक दृष्ट्या समबल झाले असून आकाशात कोणाचेही प्रभुत्व नाही, टेहळणीच्या ड्रोनांमुळे कोणतीही जमवाजमव लपून राहत नाही, आणि शत्रूची सुरुंगक्षेत्रे काही ठिकाणी १५ ते २० किलोमीटर खोल आहेत, अशी त्यांची मांडणी आहे. सुरुंग काढण्यास निघालेले यंत्र आकाशातून दिसते, दिसताच त्यावर मारा होतो, आणि मोकळ्या केलेल्या वाटेवर शत्रू दुरूनच पुन्हा सुरुंग पेरतो.

यावर त्यांनी पाच क्षेत्रांत उपाय सुचविले : आकाशातील प्रभुत्व, सुरुंगक्षेत्रांचा भेद, शत्रूच्या तोफखान्याचा प्रतिकार, राखीव दलांची निर्मिती आणि इलेक्ट्रॉनिक युद्धतंत्र. प्रत्येक क्षेत्रात बारीकसारीक सूचना आहेत. स्वस्त ड्रोनांचे थवे एकाच वेळी सोडून शत्रूची विमानविरोधी यंत्रणा भारावून टाकणे, जाळी घेऊन उडणाऱ्या ड्रोनांनी शत्रूचे ड्रोन पकडणे, रात्री प्रखर प्रकाशाच्या झोतांनी शत्रूचे कॅमेरे दिपविणे, अशा त्या सूचना आहेत. मुलाखतीत त्यांनी एक दृष्टान्तही दिला. ही कोंडी फोडण्यासाठी चीनमध्ये लागलेल्या बंदुकीच्या दारूच्या शोधासारखे काही तरी सर्वस्वी नवे हवे, असा त्याचा आशय होता.

या निबंधाचे गुण प्रथम सांगणे न्यायाचे होईल. पहिला गुण सत्यनिष्ठेचा. ज्याच्या आज्ञेने चढाई झाली त्यानेच ती फसल्याचे कबूल करावे, आणि तेही शत्रू व मित्र दोघेही वाचत असताना, याला असामान्य धैर्य लागते. दुसरा गुण पद्धतीचा. कोणत्याही एका शस्त्राकडे सुटे न पाहता शस्त्र, प्रतिशस्त्र आणि पुन्हा त्याचे प्रतिशस्त्र अशा साखळीने ते विचार करतात. सुरुंग, ड्रोन आणि तोफ ही तीन वेगळी संकटे नसून एकाच यंत्रणेचे तीन अवयव आहेत, हे त्यांनी जितक्या स्पष्टपणे दाखविले तितक्या स्पष्टपणे तोवर फार थोड्यांनी दाखविले होते. सुरुंग सैन्याला थांबवितो, ड्रोन थांबलेल्याला हेरतो आणि तोफ हेरलेल्याला मारते. यांपैकी एकालाच निष्प्रभ करून भागत नाही.

३

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप ऐतिहासिक उपमेसंबंधी आहे. झालुझ्नी यांनी पहिल्या महायुद्धाची उपमा वारंवार वापरली आहे. सोव्हिएत मेजर जनरल स्मिर्नोव्ह यांचे तटबंदीच्या भेदावरील १९४१ चे पुस्तक आपण पुन्हा काढून वाचले, आणि त्यात वर्णिलेल्या अवस्थेतच आपण आहोत असे आढळले, असे त्यांनी मुलाखतीत सांगितले. उपमा यथार्थ आहे. पण तिच्यातून काढलेले अनुमान यथार्थ आहे काय?

१९१४ ते १९१८ या काळातील पश्चिम आघाडीची कोंडी रणगाड्याने फोडली, अशी एक लोकप्रिय समजूत आहे. प्रत्यक्ष इतिहास तिला पुरेसा आधार देत नाही. २० नोव्हेंबर १९१७ रोजी काँब्रे येथे ब्रिटिशांनी ४७६ रणगाडे उतरविले. पहिल्या दिवशी फळी भेदली गेली. पण त्याच दिवशी १७९ रणगाडे शत्रूच्या माऱ्याने वा बिघाडाने निकामी झाले, आणि ३० नोव्हेंबरच्या जर्मन प्रतिहल्ल्यात जिंकलेला बराचसा प्रदेश हातचा गेला. उलट, २१ मार्च १९१८ रोजी सुरू झालेल्या जर्मन चढाईत रणगाडे जवळजवळ नव्हतेच. अल्पकाळाचा पण अचूक तोफमारा आणि शत्रूच्या बळकट ठाण्यांना वळसा घालून आत झिरपणाऱ्या पायदळाच्या लहान तुकड्या, एवढ्या सामग्रीवर जर्मन सेना काही ठिकाणी साठ किलोमीटरांच्या आसपास पुढे गेली. ती थांबली ती यंत्रांच्या अभावी नव्हे. दमलेल्या तुकड्यांच्या जागी घालावयास ताजे सैन्य नव्हते आणि उद्ध्वस्त भूमीवरून रसद पोहोचत नव्हती, म्हणून ती थांबली. ८ ऑगस्ट १९१८ पासून आमियाँ येथे दोस्त सैन्याला जे यश मिळाले त्यात पाचशेहून अधिक रणगाड्यांचा वाटा होता हे खरे. पण चार दिवसांत त्यांपैकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच चालू स्थितीत उरले होते. पुढील तीन महिन्यांचा विजय तोफखाना, पायदळ, विमाने आणि रणगाडे यांच्या सुधारलेल्या सहकार्याने, अमेरिकेहून येणाऱ्या ताज्या सैन्याने आणि नाकेबंदीने खंगलेल्या जर्मनीच्या असमर्थतेने मिळविला.

तात्पर्य, ज्या युद्धाची उपमा झालुझ्नी देतात त्या युद्धाचा धडा असा की, नवे यंत्र कोंडीला चीर पाडू शकते. पण ती चीर रुंद करून तिचे खिंडार करणे हे संघटनेचे, शिक्षणाचे आणि मनुष्यबळाचे काम असते. बंदुकीच्या दारूचा दृष्टान्त तर याहूनही प्रतिकूल आहे. दारूचा शोध चीनमध्ये नवव्या शतकाच्या सुमारास लागला. युरोपच्या रणभूमीवर तिने किल्ले व सेना यांचे स्वरूप पालटावयास त्यापुढे कित्येक शतके जावी लागली, आणि ते पालटले तेही तोफा ओतण्याची विद्या, खडे सैन्य आणि त्याचा खर्च पेलणारी राजसत्ता ही सर्व एकत्र आल्यावर. दारूने एका रात्रीत कोणतीही कोंडी फोडलेली नाही.

या संदर्भात वॉर्साचे धनिक व युद्धाभ्यासक इव्हान ब्लोख यांचे स्मरण होते. १८९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या सहा खंडांच्या ग्रंथात त्यांनी भावी युद्ध खंदकांत अडकेल आणि त्याचा निकाल रणांगणापेक्षा राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक सहनशक्तीवर लागेल, असे भाकीत केले होते. ब्लोख सैनिक नव्हते, आणि कदाचित म्हणूनच त्यांची दृष्टी शस्त्रापाशी न थांबता शस्त्र पुरविणाऱ्या समाजापर्यंत गेली. झालुझ्नी यांच्या निबंधात हा दुसरा टप्पा दुर्बळ आहे.

४

दुसरा आक्षेप प्रत्यक्ष अनुभवाचा आहे. निबंधानंतरच्या दोन वर्षांत ड्रोनांचे काय झाले ते पाहू.

संख्येच्या दृष्टीने जे झाले ते झालुझ्नी यांच्या अपेक्षेपलीकडचे होते. लंडनच्या रॉयल युनायटेड सर्व्हिसेस इन्स्टिट्यूट या संस्थेच्या मे २०२३ च्या अहवालात युक्रेन महिन्याला सुमारे १०,००० ड्रोन गमावीत असल्याचा अंदाज होता, आणि तेव्हा तो आकडा सर्वांना थक्क करणारा वाटला होता. डिसेंबर २०२३ मध्ये झेलेन्स्की यांनी पुढील वर्षी दहा लक्ष ड्रोन तयार करण्याचा संकल्प जाहीर केला; २०२४ मध्ये वीस लक्षांहून अधिक ड्रोन तयार झाल्याचे युक्रेनच्या अधिकाऱ्यांनी सांगितले. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी, म्हणजे झालुझ्नी यांच्या पदमुक्तीच्या दोनच दिवस आधी, मानवरहित यंत्रणांचे स्वतंत्र सेनादल उभारण्याची आज्ञा निघाली. शस्त्राची जातही बदलली. २०२२ च्या प्रारंभी ज्याचा गाजावाजा झाला ते तुर्की बनावटीचे बायरक्तार हे मोठे व महाग ड्रोन विमानविरोधी यंत्रणा सावरताच मागे पडले. त्याची जागा बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांतून जुळविलेल्या लहान ड्रोनांनी घेतली. यात चालक डोळ्यांवरील चष्म्यातून ड्रोनचेच दृश्य पाहतो आणि स्फोटकांसह ते लक्ष्यावर नेऊन आदळवितो. यालाच 'एफपीव्ही' म्हणतात. रेडिओलहरी दडपण्याचे तंत्र वाढले तेव्हा, २०२४ पासून, आपल्यामागे ऑप्टिकल फायबरची बारीक तार उलगडीत जाणारे ड्रोन आले. त्यांच्यावर लहरी दडपण्याचा काहीच परिणाम होत नाही. शस्त्र व प्रतिशस्त्र यांच्या साखळीसंबंधी झालुझ्नी यांनी जे म्हटले होते ते अक्षरशः खरे ठरले.

पण कोंडी फुटली काय? फुटली नाही, उलट ती अधिक खोल झाली. उपर्युक्त संस्थेच्याच फेब्रुवारी २०२५ च्या अहवालानुसार रशियाच्या नष्ट वा नादुरुस्त होणाऱ्या युद्धसामग्रीपैकी ६० ते ७० टक्के हानी लहान ड्रोनांकडून होत होती. त्याच अहवालात असेही नमूद आहे की, युक्रेनच्या एफपीव्ही ड्रोनांपैकी ६० ते ८० टक्के ड्रोन लक्ष्यापर्यंत पोहोचतच नाहीत. ही दोन विधाने परस्परविरोधी नाहीत. शस्त्र स्वस्त असले की बहुसंख्य प्रयत्न वाया जाऊनही एकूण परिणाम मोठा राहतो. मात्र ज्या शस्त्राचे यश अशा गणितावर उभे असते ते शस्त्र वाट पाहणाऱ्याच्या अधिक उपयोगी पडते, पुढे जाणाऱ्याच्या कमी. खंदकात बसलेल्याला एका रणगाड्यामागे दहा ड्रोन दवडणे परवडते. उघड्यावरून निघालेल्या तुकडीला मात्र आपल्यावर येणाऱ्या दहांपैकी एकही चुकविता न येणे परवडत नाही. त्यामुळे आघाडीच्या दोन्ही बाजूंना दहा-पंधरा किलोमीटर रुंदीचा असा पट्टा तयार झाला की, त्यात वाहनाने जाणे हाच मोठा धोका ठरला. अन्नपाणी, दारूगोळा आणि जखमी यांची ने-आण रात्री, पायी किंवा चाकांच्या यंत्रमानवांकडून होऊ लागली.

कुर्स्कची मोहीम या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. ६ ऑगस्ट २०२४ रोजी युक्रेनच्या सेनेने रशियाच्या कुर्स्क प्रांतात अचानक प्रवेश केला आणि थोड्या दिवसांत मोठा प्रदेश व्यापला. ज्या काळात गतियुद्ध अशक्य मानले जात होते त्याच काळात ते घडले. त्याचे साधन कोणते नवे यंत्र होते? ड्रोनांचा आणि लहरी दडपण्याच्या तंत्राचा उपयोग झाला हे खरे. पण निर्णायक ठरली ती गुप्तता आणि शत्रूने सीमा दुर्बळ ठेवली असल्याची अचूक पारख. पुढे रशियाने तेथे फौजा आणि ड्रोनांची निवडक पथके आणली; ऑप्टिकल फायबरच्या ड्रोनांनी सुमीहून सुजाकडे जाणारा रसदमार्ग धोक्यात आणला, आणि मार्च २०२५ मध्ये सुजा शहर युक्रेनच्या हातून गेले. एकाच मोहिमेत दोन्ही धडे आहेत : मार्ग उघडला तो जुन्या युद्धकलेने, आणि तो बंद करण्यास नव्या शस्त्राचे मोठे साहाय्य झाले.

५

येथे एका प्रतिपक्षाचा विचार करणे आवश्यक आहे. अमेरिकन अभ्यासक स्टीफन बिडल यांनी झालुझ्नी यांच्या निबंधापूर्वीच, ऑगस्ट २०२३ मध्ये, 'फॉरेन अफेअर्स' या नियतकालिकात असे प्रतिपादन केले होते की, युक्रेनमधील युद्धात क्रांतिकारक असे काही नाही. १९१८ पासून चालत आलेली तत्त्वे, म्हणजे आडोसा घेणे, लपणे, विखुरणे आणि सर्व शस्त्रांचा मेळ घालणे, ही जो पाळतो तो टिकतो. जो पाळीत नाही तो मरतो. त्यांच्या २००४ मधील 'मिलिटरी पॉवर' या ग्रंथातील सिद्धान्ताचाच हा विस्तार होय.

बिडल यांच्या मतात मोठे तथ्य आहे. आणि वर आम्ही काँब्रे व आमियाँ यांच्या आधारे जे म्हटले ते त्यांच्या मताला अनुकूलच आहे. तथापि त्यांचे मत जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. विखुरणे ही क्रिया एका मर्यादेपर्यंतच संरक्षक असते. चढाईसाठी कधी तरी, कोठे तरी, काही काळ एकत्र यावेच लागते. जेथे पाच-सहा सैनिकांचा जमावही आकाशातून टिपला जातो तेथे विखुरलेले सैन्य जिवंत राहते, पण त्याची चढाईची शक्ती नाहीशी होते. म्हणजे बिडल यांची तत्त्वे खोटी ठरली नाहीत. मात्र ती पाळण्याची किंमत इतकी वाढली की प्रमाणातील फरक गुणातील फरकासारखा भासू लागला. झालुझ्नी यांना हा फरक जाणवला होता, हे त्यांच्या अनुभवाचे श्रेय आहे. ते त्या फरकावर यंत्रात उपाय शोधीत राहिले, हे त्यांच्या विवेचनातील न्यून आहे.

६

तिसरा आणि आमच्या मते सर्वांत गंभीर आक्षेप राखीव दलांसंबंधी आहे. पाच क्षेत्रांच्या यादीत राखीव दलांची निर्मिती हे एक क्षेत्र आहे. तेथे प्रशिक्षणकेंद्रांवर होणारे हल्ले, लांबलेले युद्ध, सेवा टाळू देणाऱ्या कायद्यातील पळवाटा आणि भरतीयोग्य नागरिकांच्या एकत्रित नोंदवहीची आवश्यकता यांचा उल्लेख येतो. पण त्याची मांडणी इतर चार क्षेत्रांसारखीच, जणू एखादे यंत्र कमी पडावे तशी, तांत्रिक सुरात झाली आहे. वस्तुतः हा प्रश्न तांत्रिक नव्हता. तो राष्ट्राच्या निर्णयाचा प्रश्न होता. सक्तीच्या भरतीची किमान वयोमर्यादा २७ वरून २५ वर आणणारे विधेयक युक्रेनच्या संसदेने मे २०२३ मध्येच संमत केले होते. हा निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा ते राष्ट्राध्यक्षांच्या स्वाक्षरीवाचून पडून होते, आणि स्वाक्षरी झाली ती २ एप्रिल २०२४ रोजी. दहा महिन्यांच्या या विलंबाची भरपाई करू शकेल असा कोणताही ड्रोन अस्तित्वात नव्हता.

या विलंबाचा दोष एकट्या कोणावर टाकणे उचित नाही. ज्या राष्ट्रात १९९० नंतरच्या दशकात जन्मसंख्या अत्यंत घटली त्या राष्ट्राने आपली विशीतील पिढी रणांगणापासून राखावी, या विचारामागेही एक दूरदृष्टी आहे; आणि पंचविशीच्या आतील मुलांना पाठवा, असे परक्या देशात बसून सांगणे सोपे आहे. आमचा आक्षेप निर्णयावर नाही. हा निर्णय आहे, त्यात एका हिताचा दुसऱ्या हितासाठी त्याग आहे, हे निबंधात स्पष्ट झाले नाही, यावर आहे. झालुझ्नी यांनी पुढे १ फेब्रुवारी २०२४ रोजी 'सीएनएन' या वृत्तसंस्थेसाठी लिहिलेल्या लेखात, लोकांना अप्रिय वाटणारे उपाय योजल्यावाचून मनुष्यबळ वाढविण्यास शासनसंस्था असमर्थ ठरल्या आहेत, असे उघडपणे म्हटले. म्हणजे प्रश्नाचे स्वरूप त्यांना अज्ञात नव्हते. अधिकारपदावरील सेनापतीने शासनाच्या अखत्यारीतील विषयावर संयम पाळला, असे म्हणून या मौनाचे समर्थन करता येईल. परंतु निबंध म्हणून त्याचे मोजमाप करताना ती उणीव उणीवच राहते. शिवाय याच फेब्रुवारीतील लेखात मानवरहित यंत्रणांवरील भर अधिकच वाढलेला आहे. मनुष्यबळाच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, तेव्हा त्या उत्तराची जागा यंत्राने भरावी, अशी ही विचाराची दिशा दिसते.

ही दिशा कोठे जाते हे २०२५ च्या उन्हाळ्यात दिसले. ऑगस्ट महिन्यात दोनेत्स्क प्रांतात दोब्रोपिल्या शहराच्या दिशेने रशियन पायदळाच्या लहान तुकड्या युक्रेनच्या फळीतून दहाहून अधिक किलोमीटर आत झिरपल्या. ड्रोनांची त्या क्षेत्रात उणीव नव्हती. उणीव होती ती ठाण्यांत बसणाऱ्या माणसांची. दोन ठाण्यांमध्ये मोकळी जागा उरली की ती आकाशातून पाहता येते, तीवर मारा करता येतो, पण ती व्यापता येत नाही. युक्रेनला तेथे ताज्या तुकड्या आणून प्रतिहल्ला करावा लागला. याच्याही आधी, १७ फेब्रुवारी २०२४ रोजी पडलेल्या अवदीव्का शहराच्या लढाईत दुसरी बाजू दिसली होती. अमेरिकन मदत रखडल्याने तोफगोळ्यांचा दुष्काळ पडला असता ड्रोनांनी त्यांची जागा काही अंशी भरली. पण शत्रूची विमाने दुरून सोडीत असलेल्या जडशीळ बॉम्बना त्यांच्यापाशी उत्तर नव्हते. ड्रोन हा तोफेचा आणि पायदळाचा मोठा सहायक आहे. त्यांचा पर्याय म्हणून त्याच्याकडे पाहिले गेले तेथे त्याची मर्यादा उघडी पडली.

७

चौथा मुद्दा निबंधात काय आहे याचा नसून काय नाही याचा आहे. शत्रूची फळी भेदल्यावर काय साधावयाचे, याची चर्चा त्यात नाही. डावपेच आणि युद्धनीती यांतील भेद येथे महत्त्वाचा ठरतो. १ जून २०२५ रोजी मालमोटारींतून रशियाच्या अंतर्भागात नेलेल्या ड्रोनांनी युक्रेनने तेथील हवाई तळांवर हल्ला केला. युक्रेनच्या सांगण्यानुसार त्यात ११७ ड्रोन वापरले गेले आणि दूरवर मारा करणाऱ्या विमानांची मोठी हानी झाली. कल्पकतेच्या दृष्टीने ही मोहीम असाधारण होती. पण तिने दोनेत्स्कची आघाडी हलली नाही. हलावी अशी तिची योजनाही नव्हती. शत्रूच्या युद्धशक्तीची किंमत वाढविणे हे एक साध्य आणि भूमी परत मिळविणे हे दुसरे. दोहोंसाठी एकाच शस्त्राचे गुणगान होऊ लागले की साध्यांची गल्लत होते, आणि निबंधाच्या पुष्कळ वाचकांची ती झालेली आहे.

दुसरी अनुपस्थिती अधिक वेदनाकारक आहे. लहान ड्रोन हे असे शस्त्र आहे की, त्याचा चालक मारण्यापूर्वी आपल्या लक्ष्याला पाहतो. तोफ चालविणारा आपण एका ठिकाणावर मारा केला असे म्हणू शकतो. ड्रोनचालकाला समोर एक विशिष्ट माणूस दिसत असतो. या स्पष्ट दृष्टीमुळे युद्ध अधिक विवेकी होईल, असे काहींनी मानले होते. खेर्सोनच्या अनुभवाने ते खोटे ठरविले. द्नीप्रो नदीच्या उजव्या तीरावरील या शहरात व आसपासच्या खेड्यांत रस्त्याने चालणारे, सायकलवरून जाणारे आणि रुग्णवाहिकांतून नेले जाणारे नागरिक ड्रोनांचे लक्ष्य झाले. संयुक्त राष्ट्रांच्या स्वतंत्र चौकशी आयोगाने मे २०२५ मध्ये, जुलै २०२४ पासून तेथे दीडशेच्या आसपास नागरिक अशा हल्ल्यांत मरण पावल्याचे नमूद केले, आणि रशियन सेनेची ही कृत्ये मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरतात असा निष्कर्ष काढला. जो पाहू शकतो तो निवड करू शकतो, आणि जो निवड करू शकतो त्याच्यावर निवडीची जबाबदारी येते. ड्रोनयुद्धाच्या कोणत्याही यापुढील सिद्धान्तात या जबाबदारीला स्थान असलेच पाहिजे. ते नसेल तर तो सिद्धान्त केवळ यंत्रांची माहितीपुस्तिका होऊन बसेल.

८

आपल्याकडील अभ्यासकांना या चर्चेशी कर्तव्य काय, असा प्रश्न येथे स्वाभाविक आहे. मे २०२५ मधील भारत-पाकिस्तान संघर्षात दोन्ही बाजूंनी ड्रोनांचा उपयोग केला. त्याच्या आदल्या वर्षी, २०२४ मध्ये, नागपूर येथे तयार झालेल्या 'नागास्त्र-१' या घिरट्या घालून लक्ष्यावर आदळणाऱ्या अस्त्रांचा पहिला संच भारतीय सेनेस मिळाला होता. म्हणजे हा विषय आता आपल्याही दाराशी आहे. अशा वेळी युक्रेनमधील निष्कर्ष तयार कापडासारखे आणून अंगावर चढविण्याचा मोह होतो. झापोरिझ्झियाचे सपाट मैदान आणि लडाखचा विरळ हवेचा डोंगराळ प्रदेश यांत ड्रोनच्या उड्डाणशक्तीपासून बॅटरीच्या आयुष्यापर्यंत सारेच वेगळे आहे. आणि चार दिवसांचा संघर्ष व वर्षानुवर्षे चाललेले भूयुद्ध यांच्या गरजाही एक नाहीत. उचलण्याजोगी गोष्ट आहे ती झालुझ्नी यांची पद्धती : शस्त्राकडे एकट्याने न पाहता त्याच्या प्रतिशस्त्रासह पाहणे, आणि अपयशाचे कारण व्यक्तीत शोधण्यापूर्वी परिस्थितीत शोधणे. टाळण्याजोगी गोष्ट आहे ती उपायांची समान पायऱ्यांवर केलेली मांडणी.

एकंदरीत या निबंधाचे मूल्य त्याच्या उत्तरापेक्षा त्याच्या प्रश्नात आहे. शत्रू आपल्याला सतत पाहत असता सैन्याने पुढे कसे जावे, हा प्रश्न त्याने निःसंदिग्धपणे मांडला. आणि नंतरच्या दोन वर्षांत तो प्रश्न सुटला नाही, उलट अधिक तीव्र झाला, ही त्याच्या निदानाला मिळालेली पावतीच आहे. परंतु त्या प्रश्नाचे उत्तर पाच यंत्रयाद्यांत नव्हते. कोणी, किती काळ आणि कशासाठी त्या पट्ट्यात उभे राहावयाचे, हे ठरविण्याचे काम कोणत्याही सेनेला एकटीने करता येत नाही. ते राष्ट्राला करावे लागते. निबंधाच्या यापुढील वाचनात राखीव दलांचा तो आटोपशीर विभाग प्रथम वाचावा आणि उरलेले चार विभाग त्याच्या प्रकाशात वाचावेत, अशी आमची सूचना आहे.